प्रस्तावना सगळ्यांत शेवटी लिहा: शालेय निबंधाचे भाग समजून घेताना

आठवीत असताना 'माझा आवडता ऋतू' या विषयावर मी तीन पानं लिहिली होती. उन्हाळ्यावर एक, पावसाळ्यावर एक, हिवाळ्यावर एक. अक्षर बरं, शुद्धलेखन चोख, शिवाय दोन ठिकाणी कवितेच्या ओळी. वही परत आली तेव्हा शेवटच्या ओळीखाली बाईंनी लाल शाईत एकच शब्द लिहिला होता: 'कोणता?'

तेव्हा तो शब्द लागला. पुढे स्वतः मुलांच्या वह्या तपासायला बसले तेव्हा कळलं, की बहुतेक निबंधांचं दुखणं हेच असतं. भाषा ठीक असते, माहितीही असते, पण लिहिणाऱ्याला नक्की म्हणायचंय काय ते सापडत नाही. मग प्रस्तावना कशाची, मधले परिच्छेद कशासाठी आणि समारोप कसला, सगळंच लोंबकळत राहतं.

प्रस्तावना, मध्यभाग आणि समारोप ही तीन नावं सगळ्यांना पाठ असतात. प्रत्येकाचं काम काय आणि ते कोणत्या क्रमानं करायचं, हे मात्र फारसं कोणी सांगत नाही. वाचणारा प्रस्तावनेपासून सुरुवात करतो, म्हणून लिहिणाराही तिथूनच सुरू करतो आणि पहिल्याच ओळीवर पेन चावत बसतो. खाली जो क्रम दिला आहे तो लिहिण्याचा आहे, वाचण्याचा नव्हे.

त्याआधी एक छोटं विषयांतर. (तुमच्या निबंधात विषयांतर करू नका, मला आज माफ आहे.) 'निबंध' या शब्दात 'बंध' आहे, म्हणजे बांधणं. मिशेल द मोंतेन या फ्रेंच लेखकानं १५८० मध्ये अशाच प्रकारचं आपलं लेखन प्रसिद्ध केलं, तेव्हा त्यानं त्याला जे नाव दिलं त्याचा अर्थ होतो प्रयत्न, करून पाहणं. इंग्रजीतला 'एसे' हा शब्द त्यावरूनच आला. एका शब्दात बांधणं आहे, दुसऱ्यात चाचपडणं. शाळेच्या निबंधाला दोन्ही लागतं, फक्त जागा वेगळ्या. चाचपडायचं ते कच्च्या कागदावर, बांधायचं ते वहीत. चाचपडणं वहीत शिरलं की शेरा मिळतो: 'मुद्देसूद लिहावे'.

पहिली पायरी: विषयात विचारलंय काय?

विषय वाचताना आपली नजर त्यातल्या नामावर पडते आणि तिथेच चिकटते. 'गृहपाठ' दिसलं की गृहपाठाबद्दल माहीत असलेलं सगळं ओतायला आपण मोकळे. पण हेच नाम घेऊन पाच वेगवेगळे निबंध विचारता येतात.

'गृहपाठ हवा की नको?' हा वैचारिक निबंध. इथे तुमचं मत हवं आणि त्याची कारणं हवीत. 'गृहपाठ बंद झाला तर...' हा कल्पनात्मक. इथे मत दुय्यम; ती संध्याकाळ कशी असेल ते चित्र उभं करायचं. 'गृहपाठाच्या वहीचे मनोगत' हे आत्मकथन, म्हणजे वही 'मी' म्हणून बोलणार आणि तिला जे दिसू शकतं तेवढंच सांगणार. 'गृहपाठ विसरलो तो दिवस' हे प्रसंगकथन, त्याला घटनाक्रम लागतो. आणि नुसतं 'गृहपाठ' असं दिलं असेल तर ते सगळ्यांत अवघड, कारण कोणत्या बाजूनं शिरायचं ते तुम्हालाच ठरवायचंय.

म्हणून विषय वाचल्यावर नामाखाली रेघ मारू नका. 'हवा की नको', 'झाला तर', 'मनोगत', 'तो दिवस' या शब्दांखाली मारा. काम त्यांनी सांगितलंय. 'माझा आवडता ऋतू' या विषयात मी 'ऋतू'खाली रेघ मारली होती. ती 'आवडता'खाली हवी होती.

दुसरी पायरी: एक वाक्य

आपण 'गृहपाठ हवा की नको?' हाच विषय घेऊ आणि शेवटपर्यंत नेऊ.

कच्च्या कागदावर लिहा: 'माझं म्हणणं असं आहे, की...' आणि वाक्य पूर्ण करा. एकच वाक्य. त्याला मुख्य विधान म्हणतात. निबंधाचा हा भाग बाहेरून वेगळा दिसत नाही. त्याला स्वतःचा परिच्छेद नसतो, त्यावर शीर्षक नसतं. पण बाकीचे सगळे भाग त्याच्या चाकरीला असतात.

बहुतेक मुलं पहिल्या फटक्यात लिहितात: 'गृहपाठ खूप महत्त्वाचा आहे.' हे विधान वाटतं, पण यातून काही सुरू होत नाही. महत्त्वाचा कोणासाठी, कशासाठी? दुसरा हमखास प्रकार: 'गृहपाठाचे फायदेही आहेत आणि तोटेही आहेत.' हे पंख्याबद्दल, पावसाबद्दल, चुलतभावाबद्दलही खरं आहे. जे सगळ्याला लागू पडतं ते आपल्या विषयाबद्दल काहीच सांगत नाही.

विधान धड आहे की नाही हे पाहायची माझी एक साधी रीत आहे. वर्गातला एखादा शहाणा मुलगा ते ऐकून 'मला नाही पटत' म्हणू शकेल का? म्हणू शकत असेल तर विधान चालेल. आपण हे ठरवू:

'गृहपाठ हवा, पण वर्गात कळलेल्या गोष्टीच्या सरावासाठी; न कळलेली गोष्ट घरून शिकून या, असं सांगण्यासाठी नव्हे.'

यावर भांडता येतं. शिवाय यात निबंधाचा नकाशा आपोआप आला आहे: सराव का लागतो, न कळलेलं घरी दिलं की काय होतं, आणि मग गृहपाठ कसा असावा. 'माझं म्हणणं असं आहे, की' हे सुरुवातीचे शब्द आता खोडून टाका. ते वहीत उतरवायचे नाहीत, ते फक्त तोंड उघडण्यासाठी होते.

तिसरी पायरी: आधी सगळं ओता, मग निवडा

आता मुद्दे. इथे तीन मिनिटं स्वतःवर अजिबात लगाम ठेवू नका. डोक्यात येईल ते एकाखाली एक लिहा. एका मुलीनं माझ्यासमोर बसून केलेली यादी अशी होती: सराव होतो. विसरायला होत नाही. शिस्त लागते. खेळायला वेळ उरत नाही. ताई करून देते. मी वर्गात जाऊन उतरवते. बाईंना कळतं कोणाला काय येत नाही. दप्तर जड होतं. गृहपाठ कोणी शोधून काढला? सुट्टीचा दिवस जातो.

दहा मुद्दे. तीनशे शब्दांच्या निबंधात दहा मुद्दे घातले तर प्रत्येकाच्या वाट्याला तीस शब्द, म्हणजे दोन-तीन वाक्यं. त्यात नुसता उल्लेख होतो, पटवणं होत नाही. म्हणून तीन घ्यायचे. कोणते? जे मुख्य विधानाला हात देतात ते.

'दप्तर जड होतं' हे खरं असलं तरी आपल्या विधानाशी त्याचा संबंध नाही. गेलं. 'शिस्त लागते' हे सगळेच लिहितात आणि त्याला आधार कोणीच देत नाही. गेलं. 'कोणी शोधून काढला' हे तर ताबडतोब काढा. गृहपाठाच्या 'जनका'चं नाव आणि साल इंटरनेटवर छातीठोकपणे दिलेलं सापडतं, पण त्याला कसलाही ऐतिहासिक आधार नाही. मुलं ते पहिल्याच ओळीत घालतात आणि तपासणारा तिथेच भुवई उंचावतो.

'ताई करून देते' आणि 'उतरवते' हे दोन मुद्दे मात्र सोनं आहेत. ती मुलगी ते खोडायला निघाली होती, कारण ते कबूल करायची तिला लाज वाटत होती. पण न कळलेलं घरी दिलं की काय होतं, याचं याहून खरं उत्तर कुठे मिळणार? दोन्ही एकाच परिच्छेदात बसतात. 'सराव' आणि 'विसरणं' मिळून आणखी एक परिच्छेद, वहीत तो आधी येईल. 'खेळायला वेळ नाही' आणि 'सुट्टीचा दिवस' ही विरोधी बाजू, तिचा तिसरा. झाले तीन.

चौथी पायरी: मधले परिच्छेद

लिहायला इथून सुरुवात करा. निबंधाचा जीव इथे आहे आणि गुणही इथेच मिळतात किंवा जातात.

परिच्छेद म्हणजे ओळीची सुरुवात थोडी आत ढकलणं नव्हे. एक परिच्छेद, एक मुद्दा. मुद्दा बदलला की परिच्छेद बदलला. मुद्दा तोच असेल तर पान भरलं म्हणून तोडायचा नाही.

आधी एक नमुना पाहा, अशा वाक्यांच्या वह्या मी ढिगानं पाहिल्या आहेत:

'गृहपाठामुळे सराव होतो. सराव हा खूप महत्त्वाचा असतो. सरावाशिवाय काहीच येत नाही. म्हणून प्रत्येकाने रोज सराव केलाच पाहिजे.'

चार वाक्यं, पण पाऊल एकही पुढे पडलेलं नाही. पहिल्या वाक्यानं जे म्हटलं तेच बाकीची तीन आवाज चढवून म्हणतात. आता हा पाहा:

'वर्गात कळलेली गोष्ट चार दिवसांनी आठवेलच असे नाही. अपूर्णांकांची बेरीज फळ्यावर पाहिली तेव्हा मला अगदी सोपी वाटली होती. चार दिवसांनी वही उघडली तर छेद समान का करायचा, हेच आठवेना. जर्मन मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउस यांनी निरर्थक अक्षरगट पाठ करून स्वतःच्याच स्मरणशक्तीवर प्रयोग केले आणि ते १८८५ मध्ये प्रसिद्ध केले. पाठ केलेल्यातला बराच भाग पहिल्या काही तासांतच निसटतो आणि थोडा थोडा सराव अनेक दिवसांत विभागला तर तो अधिक टिकतो, असे त्यांना आढळले. त्याच संध्याकाळी सोडवलेली चार गणिते नेमके हेच काम करतात.'

आता हा परिच्छेद सुटा करून पाहू. पहिलं वाक्य मुद्दा सांगतं. तेवढंच वाचलं तरी परिच्छेद कशाबद्दल आहे ते कळतं. दुसरं आणि तिसरं वाक्य तो मुद्दा डोळ्यांसमोर आणतात: एक मूल, एक वही, छेद. चौथं आणि पाचवं बाहेरचा आधार देतात. शेवटचं वाक्य परत गृहपाठापाशी आणून सोडतं. हे शेवटचं वाक्य मुलं हमखास विसरतात. माहिती देतात आणि तिथेच थांबतात, मग वाचणाऱ्याला वाटतं, बरं, पण याचा गृहपाठाशी काय संबंध?

नावाचा आणि सालाचा मोह मात्र आवरा. असा संदर्भ पूर्ण निबंधात एखादा पुरे, तोही पक्का माहीत असेल तरच. शंका असेल तर बेधडक गाळा. वरच्या परिच्छेदातून एबिंगहाउस काढून टाकला तरी परिच्छेद उभा राहतो. छेदाची गोष्ट काढली तर तो कोरडा पडतो. स्वतः पाहिलेलं उदाहरण कोणाकडून तपासून घ्यावं लागत नाही, हा त्याचा आणखी एक फायदा.

दुसऱ्या परिच्छेदात ताई येईल. इथे फक्त सुरुवात दाखवते: 'पण ज्या गणिताचा प्रश्नच कळलेला नाही, त्याचा सराव कसा करणार?' या वाक्यानं दोन कामं केली. 'सराव' हा शब्द मागच्या परिच्छेदातून उचलला आणि 'पण' म्हणून वळण घेतलं. परिच्छेद एकमेकांना असे जोडतात: मागचा एखादा शब्द हातात धरून पुढे जायचं. त्याऐवजी मुलं 'तसेच' वापरतात. तसेच, तसेच, त्याचप्रमाणे, तसेच. या शब्दांचा अर्थ एवढाच, की यादी चालू आहे. 'म्हणून' परिणाम सांगतं, 'मात्र' आणि 'पण' वळवतात, 'तरीही' अडथळा मान्य करून पुढे जातं, 'उदाहरणार्थ' खाली उतरवतं. जोडशब्द निवडताना दोन वाक्यांचं नातं काय आहे ते आधी पाहा. नातंच नसेल तर जोडशब्दानं ते तयार होत नाही.

तिसरा परिच्छेद विरोधी बाजूचा. मुलांना वाटतं, दुसऱ्याची बाजू मांडली की आपली कमकुवत होते. उलट आहे. 'संध्याकाळ खेळण्यासाठी असते, ती गृहपाठात गेली तर मूल थकते' हे म्हणणं रास्त आहे आणि तुम्ही ते लिहिलं नाही तर वाचणारा मनात म्हणणारच. म्हणून ते आधी सरळ मांडा, त्यातलं खरं आहे ते मान्य करा आणि मग तुमचं उत्तर द्या: 'मात्र हा दोष गृहपाठाचा नसून त्याच्या ढिगाचा आहे. कळलेली चार गणिते पंधरा मिनिटांत होतात. न कळलेल्या दोन गणितांना संध्याकाळ पुरत नाही.' बघा, विरोधी मुद्द्यानंच आपल्या विधानाला बळ दिलं.

पाचवी पायरी: समारोप

याला उपसंहारही म्हणतात. याच्यासाठी फार वेळ राखून ठेवू नका, पण चार ओळी नक्की ठेवा. समारोप नसलेला निबंध घंटा झाली म्हणून सोडून दिल्यासारखा दिसतो.

त्याचं काम 'बरं, मग काय?' या प्रश्नाला उत्तर देणं. मधल्या परिच्छेदांनी जे पटवलं त्यावरून आता काय म्हणता येतं ते सांगायचं. 'अशा प्रकारे गृहपाठाचे अनेक फायदे आहेत' हा समारोप नाही, ती दारावरची कडी लावल्याचा आवाज आहे. नवा मुद्दाही इथे आणायचा नाही. 'शिवाय दप्तरही जड होते' हे शेवटच्या ओळीत आठवलं तर ते तिथेच गिळा. आपल्या निबंधाचा समारोप असा होऊ शकेल:

'तेव्हा प्रश्न गृहपाठ असावा की नसावा एवढाच उरत नाही. दिलेले काम मूल कोणाच्या मदतीशिवाय, थोड्या वेळात करू शकते का, हे विचारायला हवे. करू शकत असेल तर ते घरी द्यावे. करू शकत नसेल तर त्याची जागा वर्गात, फळ्यासमोर आहे.'

यात मुख्य विधान परत आलं आहे, पण तेच शब्द घेऊन नव्हे, आणि ते एक पाऊल पुढे गेलं आहे. सुविचार किंवा घोषणा चिकटवायची गरज पडलेली नाही. 'चला तर मग, आपण सर्वांनी प्रतिज्ञा करू या' हे वाक्य निबंधाच्या शेवटी वाचून मी आजवर कधीच काही करायला उठलेले नाही.

सहावी पायरी: आता प्रस्तावना

कोणाची ओळख करून द्यायची ते माहीत नसताना ओळख करून देता येत नाही. आता निबंध तुमच्यासमोर आहे, म्हणून प्रस्तावना दोन मिनिटांत होते.

तिची कामं तीन. वाचणाऱ्याला विषयापाशी आणायचं, विषयाच्या नेमक्या कोणत्या बाजूबद्दल बोलणार ते सांगायचं आणि मुख्य विधान त्याच्या हातात द्यायचं. चार-पाच वाक्यं बास.

'आजच्या धकाधकीच्या युगात', 'प्राचीन काळापासून मानव', 'शिक्षण हा माणसाचा तिसरा डोळा आहे' ही प्रवेशद्वारं इतकी वापरून झाली आहेत, की तपासणारा ती न वाचताच ओलांडतो. ओळखायची खूण सांगते: तुमची प्रस्तावना उचलून दुसऱ्या विषयाच्या निबंधाला लावून पाहा. तिथेही ती चपखल बसली तर ती तुमच्या निबंधाची नाही. म्हण किंवा कवितेची ओळ वापरायला हरकत नाही, पण तीच कसोटी तिलाही लावा. माझ्या आठवीतल्या दोन्ही कवितेच्या ओळी त्या कसोटीवर पडल्या असत्या.

आपली प्रस्तावना अशी होईल:

'रात्रीचे साडेनऊ वाजलेले असतात आणि अचानक आठवते, की उद्या दहा गणिते दाखवायची आहेत. वही उघडल्यावर त्यांचे दोन गट पडतात. काही तीन मिनिटांत सुटतात. काहींचा प्रश्नच कळत नाही. माझ्या मते गृहपाठ हवा, पण तो पहिल्या गटातला, म्हणजे वर्गात कळलेल्या गोष्टीच्या सरावासाठी. न कळलेले घरून शिकून या, असे सांगणे म्हणजे गृहपाठ नव्हे.'

शेवटची दोन वाक्यं कुठून आली ते तुम्ही ओळखलंच असेल. दुसऱ्या पायरीवरचं वाक्य थोडं मोडून इथे बसवलं आहे.

परीक्षेत प्रस्तावना शेवटी कशी लिहायची, हा प्रश्न मुलं लगेच विचारतात. उत्तरपत्रिकेत जागा रिकामी सोडून पुढे जायच्या भानगडीत पडू नका; अंदाज चुकतो, मग एक तर अक्षर मुंगीएवढं होतं किंवा मधे खिंडार राहतं. परीक्षेत 'शेवटी' म्हणजे आराखडा झाल्यावर. मागच्या पानावर मुख्य विधान, तीन मुद्दे आणि समारोपाचा एक शब्द लिहून झाला, की मग प्रस्तावनेला हात घाला. मागच्या पानावरच्या त्या कच्च्या कामावर शेवटी एक आडवी रेघ मारायची.

वर्णन, प्रसंग आणि मनोगत असेल तर?

आतापर्यंतचं सगळं वैचारिक निबंधाबद्दल झालं. बाकी प्रकारांत भाग तेच राहतात, पण मुख्य विधानाच्या जागी एक धागा येतो. धागा म्हणजे मत नव्हे. ज्या नजरेनं आपण सगळं पाहणार ती नजर.

समजा, 'वर्गातल्या बाकाचे मनोगत' लिहायचंय. मुलं बाकाचा जन्म, लाकूड, सुतार, शाळेत आगमन असं लिहीत जातात आणि शेवटी 'माझी काळजी घ्या' म्हणून थांबतात. त्याऐवजी धागा ठरवा: मुलं दरवर्षी पुढच्या वर्गात जातात, बाक मात्र तिथेच राहतो. एवढं ठरलं की काय लिहायचं आणि काय गाळायचं ते आपोआप ठरतं. कंपासच्या टोकानं कोरलेलं नाव येतं, त्या नावाचा मुलगा कधीच शाळा सोडून गेला आहे हे येतं, जूनमध्ये शेजारी-शेजारी बसणारी दोन मुलं डिसेंबरात बोलेनाशी झाली हे येतं. सुतार गळतो. त्याचं काही चुकलं नाही, पण या धाग्यात तो ओवला जात नाही.

प्रसंगकथनात परिच्छेद काळाच्या क्रमानं लावा, पण सकाळी उठून दात घासण्यापासून सुरू करू नका. प्रसंगाच्या जितकं जवळून सुरू करता येईल तितकं करा. वर्णनात क्रम जागेचा असतो: लांबून जवळ किंवा बाहेरून आत. कोणताही एक धरा आणि मधेच उडी मारू नका. या तिन्ही प्रकारांत प्रस्तावनेत धागा उघड सांगायची गरज नसते. तो जाणवला की पुरे.

शब्दांचा आणि वेळेचा हिशेब

तीनशे शब्द असतील तर प्रस्तावनेला पन्नास, तीन परिच्छेदांना प्रत्येकी सत्तर आणि समारोपाला चाळीस. एका ओळीत तुमचे किती शब्द बसतात ते एकदा घरी मोजून ठेवा. आठ-नऊ बसत असतील तर तीनशे शब्द म्हणजे पस्तीस-छत्तीस ओळी. मग परीक्षेत शब्द मोजत बसावं लागत नाही, ओळींवरून कळतं.

पाच परिच्छेदांचा हा साचा काही दगडावरची रेघ नाही. मुद्दे दोनच असतील आणि दमदार असतील तर चार परिच्छेद करा. पण पहिले दहा-बारा निबंध याच साच्यात लिहा. कुठे मोडावा लागतो ते तो हातात बसल्यावरच कळतं.

वेळ चाळीस मिनिटं असेल तर आठ मिनिटं आराखड्याला, सत्तावीस लिहायला, पाच वाचायला. आराखड्याला आठ मिनिटं म्हटलं की मुलांच्या पोटात गोळा येतो, शेजारचा तोवर अर्धं पान लिहून मोकळा झालेला असतो. त्याच्याकडे बघू नका. तो तिसऱ्या परिच्छेदाशी थांबून छताकडे पाहणार आहे.

शेवटची पाच मिनिटं

या वेळात निबंध सुंदर करायला जाऊ नका, आता फक्त गळती शोधायची. आधी प्रत्येक परिच्छेदाचं पहिलं वाक्य तेवढं वाचत खाली या. ती पाच वाक्यं ओळीनं वाचून निबंध काय म्हणतो ते कळलं पाहिजे. मग विषय पुन्हा वाचा आणि समारोप वाचा, मधलं सोडून. समारोप त्या विषयाचंच उत्तर देतोय ना? त्यानंतर क्रियापदं पाहा. एका ओळीत 'झाले' आणि दुसऱ्या ओळीत 'झालं' असं होऊ देऊ नका. शाळेच्या निबंधात 'झाले, केले, गेले' हीच रूपं ठेवावीत आणि 'झालं, केलं' संवादापुरती वापरावीत, असं माझं मत. मी इथे तुमच्याशी बोलतेय म्हणून मला सूट. शेवटी ऱ्हस्व-दीर्घ आणि अनुस्वार.

चुकलेला शब्द एका आडव्या रेघेनं खोडा आणि वर नीट लिहा. गिरवून गिरवून काळा चौकोन करू नका, तपासणाऱ्याची नजर आधी तिथेच जाते. शीर्षक घालायला सांगितलं असेल आणि राहिलं असेल तर आता घाला, मुख्य विधानातले दोन-तीन शब्द उचलले तरी चालतं. समास सोडायचा राहिला असेल तर त्याला आता इलाज नाही. पुढच्या पेपरला.